वारेचं घड्याळ

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. त्या सकाळी आमच्या योजनेत दहा लाखावी आई नोंदली गेली होती आणि पुण्याच्या कचेरीत सव्वादहालाच पेढे वाटून झाले होते. मी दोन घेतले. एक योजनेचा आणि एक माझा स्वतःचा, कारण त्या दहा लाखांतल्या काही हजार आया निव्वळ माझ्या हट्टामुळे आत आल्या होत्या.

“वैजे,” दादा म्हणाला, “सुवर्णाचं पोट फाडायचं म्हंत्यात. आजच. एक वाजता.”

सुवर्णा म्हणजे माझी वहिनी. आम्ही आटपाडीकडचे धनगर. दिवाळी झाली की दादा, वहिनी आणि आई मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात, शेताशेतांत खतासाठी मेंढरं बसवत फिरतात आणि पावसाच्या तोंडावर माणदेशात परततात. मी एकटीच शिकून पुण्याला आले आणि संगणकापुढे बसले. वहिनीला याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. हे तिसरं. घरात कुणी मोठ्यानं त्याचं नावसुद्धा काढत नव्हतं.

“थांब, बघते,” म्हणून मी वहिनीची नोंद उघडली. नाव लाल झालं होतं. तारखेप्रमाणे अडतीस आठवडे, वारेप्रमाणे चौतीस, बाळ जेमतेम सव्वादोन किलो.

“दादा, सही कर,” मी म्हणाले. “काही विचारत बसू नकोस. यंत्र चुकत नाही.”

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं म्हणाले.

यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. बाळाला आईशी जोडते ती वार. पूर्वी तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नसे. बाळंतपण झालं की पुरून टाकायची. पण वार म्हणजे नऊ महिन्यांपुरता उगवलेला आणि नेमून दिल्या वेळी म्हातारा होणारा एक अवयव आहे. तिच्या पेशींमध्ये आज कोणती जनुकं कामावर आहेत याच्या चिठ्ठ्या, म्हणजे आरएनएचे बारीक तुकडे, आईच्या रक्तात सतत गळत असतात. बाराव्या आठवड्यातल्या चिठ्ठ्या वेगळ्या, तिसाव्यातल्या वेगळ्या. त्यातल्या नव्वद निवडून वाचल्या की वारेचं वय कळतं आणि दोन दिवसांपलीकडे चूक होत नाही. दंडावर चिकटवायची एक चकती आठवड्यातून एकदा रक्ताचा थेंब घेते आणि तो वाचून आकडा आमच्याकडे पाठवते. बायकांनी तिचं नाव टिकली ठेवलं. सरकारी नाव आता आम्हालाही आठवत नाही.

खरी गंमत पुढे आहे. पाळीच्या तारखेवरून गर्भाचं वय निघतं आणि टिकलीवरून वारेचं. दोन्ही जुळली तर ठीक. वार मागे पडली तर ती थकली, बाळाला पुरेसं रक्त पोचत नाही, असं समजायचं. या फरकाला आम्ही पिछाडी म्हणतो. सलग चार वाचनांत पिछाडी दोन आठवड्यांहून जास्त दिसली की नाव लाल होतं. पूर्वी अशी बाळं पोटातच गुपचूप जात आणि नशीब म्हणून सगळे गप्प बसत. दोन वर्षांत लाल नावांमुळे शेकडो बाळं वेळेवर बाहेर आली आणि जगली. त्यामुळे लाल नाव दिसलं की एकही डॉक्टर वाद घालत नाही.

आता माझा हट्ट. आमच्या अर्जात पहिला प्रश्न असायचा, शेवटची पाळी किती तारखेला आली? माझ्या माणसांत तारखा कोण लक्षात ठेवतं? त्या सांगतात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, चंपाषष्ठीला, गावच्या जत्रेला. मग नर्सबाई अंदाजे काहीतरी ठोकून द्यायची. मी म्हटलं, अर्जात तिथीचा रकाना घाला, तिथीवरून तारीख मी काढून देते. आमचे प्रमुख सबनीस सर नको म्हणत होते. “वैजयंता, पंचांगाच्या वाटेला जाऊ नकोस, फसशील,” असं त्यांनी दहादा बजावलं. मी ऐकते होय! तीन आठवडे बसून मी तिथ्यांचं कोष्टक केलं, आधीच्या दोन वर्षांच्या पंचांगांवर तपासलं आणि दिवाळीनंतर भटक्या कुटुंबांसाठी तो रकाना सुरू झाला. त्यांना टिकल्या मिळायला मात्र मार्च उजाडला. आज एप्रिलची सात तारीख होती, म्हणजे टिकलीची चार वाचनं नुकतीच पुरी झाली होती.

फोनवर तिकडे ओढाओढ ऐकू आली आणि दादाच्या जागी आई बोलू लागली.

“वैजे, त्या डाक्तरणीला सांग, लेकरू कच्चं हाय. मी हात लावून बगितलंय. अजून म्हैना हाय.”

“आये, ती मेंढी नाही.”

“मेंढी असती तर बरं झालं असतं. मेंढीचं कुणी ऐकतं तरी.”

“आये, वार थकलीय. बाळाला आत खायला मिळत नाही.”

“उपाशी लेकरू असं लाथा मारतंय व्हय? सकाळच्याला पोटावर ताटली ठिवून खात हुती, तर उडवून दिली त्यानं. समदी भाकरी खाली. उपाशी म्हणं!”

मला राग आला. यंत्रावरचा विश्वास म्हणा, आईवरचा अविश्वास म्हणा, शिकल्यासवरल्या मुलींना हा राग पटकन येतो. मी म्हटलं, वहिनीला फोन दे. तिची समजूत घालावी आणि तिला धीर द्यावा, एवढंच मनात होतं.

“वन्सं,” वहिनीचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तुमी म्हणाल तसं करती. पर मला दिवस भरल्यागत वाटत न्हाई वो.”

“वहिनी, पाळीचा दिवस तर तुम्हीच सांगितला होता ना नर्सला?”

“मीच सांगितला. दिव्याची अवस. त्यो दिवस कसा इसरंल? दिवं घासाय बसली आन तवाच अडचण आली. सासूबाई म्हणल्या, ऊठ, बाजूला बस, मी घासती. मी बाभळीखाली बसली. दोन दिसांनी साळंत झेंडा लागला, तर पोरांची गाणी पार बाभळीपतुर ऐकू येत हुती.”

मी पडद्याकडे पाहिलं. नोंदीत तारीख होती पंधरा जुलै.

जुलैत कुठला झेंडा?

“वहिनी, कसला झेंडा? शाळेत दुसरा काही कार्यक्रम असेल.”

“न्हाई वन्सं. पंधरा आगस्टचा. पोरं जिलेबी खात गेली की आमच्या म्होरनं.”

दिव्याची अवस म्हणजे आषाढाची अमावास्या. पंधरा ऑगस्टच्या दोन दिवस आधी. आणि माझं कोष्टक म्हणत होतं, आषाढाची अमावास्या पंधरा जुलैला. दोन्ही खरं कसं असेल?

“आये,” मी ओरडले, “आये, गेल्या साली आषाढ दोन होते का गं?”

“म्हंजी काय! धोंड्याचा म्हैना नव्हता आला? सुवर्णीच्या माहेरी तुज्या दादाला धोंडं खायाला न्हवतं बोलिवलं? तू बी पुण्यास्नं आल्तीस की. पाच धोंडं खाल्लंस.”

खाल्ले होते. पुरण भरलेले, तुपात बुडवलेले पाच धोंडे मी खाल्ले होते, आणि कचेरीत येऊन जे कोष्टक केलं त्यात धोंड्याचा महिना विसरले होते. दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जास्तीचा येतो, तो अधिक. आधी अधिक आषाढ, मग खरा आषाढ. मी तपासायला घेतलेल्या दोन्ही वर्षांत अधिक महिना नव्हताच. कोष्टकाला ‘आषाढ’ विचारलं की ते पहिला सापडेल तो आषाढ उचलत होतं.

“आन धोंड्याच्या म्हैन्यात सण कुठला आलाय?” आई तिकडे बोलतच होती. “धोंडं सरलं, मग आखाड, मग दिव्याची अवस. ह्ये बी ठावं न्हाई व्हय तुमच्या यंत्राला?”

नव्हतं ठाऊक. वहिनीचे अडतीस आठवडे भरलेलेच नव्हते. भरले होते चौतीस. वारेचं घड्याळ बिनचूक चालत होतं. आणि एक वाजता माझ्या भाच्याला, किंवा भाचीला, महिनाभर आधी बाहेर ओढणार होते. घड्याळात अकरा वाजायला पाच मिनिटं होती.

“दादाला सांग, सही करू नकोस!”

“केली त्येनं,” आई म्हणाली. “तूच म्हणालीस न्हवं?”

मी दवाखान्याला फोन लावला. वहिनीच्या डॉक्टर मुल्ला शस्त्रक्रियेत होत्या. दुसरी एक बाई अडली होती. बाहेर आल्या की फोन करतील, असं परिचारिका म्हणाली. मी नोंदीतली तारीख बदलायला गेले तर यंत्रानं नकार दिला. सातव्या महिन्यानंतर तारीख कुणालाच बदलता येत नाही. हा नियमही आम्हीच केलेला, कारण लोक मुहूर्त साधायला तारखा मागेपुढे करायला लागले होते. बदलायचीच असेल तर प्रमुखांची परवानगी आणि चूक कुणाची हे लेखी हवं.

मी सबनीस सरांच्या खोलीत पळत गेले. त्यांच्या टेबलावर पेढ्यांचा डबा उघडा होता आणि समोर दोन पाहुणे बसले होते.

“सर, माझा आषाढ चुकलाय.”

पाहुण्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. सरांना दोन वाक्यांत कळलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, सांगत होतो ना. ते म्हणाले, “किती बायका?”

आम्ही दोघांनी यादी काढली. आषाढातली तिथी सांगून नोंदलेल्या बायका राज्यभरात एकेचाळीस. अवघ्या एकेचाळीस नावांना वर-खाली करायला किती वेळ लागतो? मला तो तासाभराचा वाटला. सगळीच्या सगळी लाल झाली होती, याच आठवड्यात.

“चूक आहे हे डॉक्टरांना पटणार कसं?” सर म्हणाले. “पिछाडी तर खरीच दिसतेय. तुझ्या वहिनीच्या झेंड्यावर कोण शस्त्रक्रिया थांबवेल?”

बरोबर होतं त्यांचं. मी डॉक्टर असते तर मीही थांबवली नसती. वार खरंच थकलेली निघाली तर? एक दिवस थांबले आणि बाळ आत गेलं तर? त्या क्षणी मला स्वतःलाही खात्री नव्हती. मी वहिनीची चार वाचनं समोर लावली. पिछाडी पहिल्या आठवड्यात एकोणतीस दिवस. दुसऱ्यात एकतीस. तिसऱ्यात तीस. चौथ्यात एकोणतीस.

मी पुन्हा वाचलं आणि खुर्चीतून उडालेच.

“सर! वाढत नाहीये!”

थकलेली वार दर आठवड्याला आणखी मागे पडते. आठ दिवस, मग तेरा, मग एकोणीस, मग सव्वीस. शेकडो जुन्या नोंदींमध्ये आम्ही हेच पाहिलं होतं. मंद चालणारं घड्याळ रोज थोडं थोडं मागे जातं. पण एखादं घड्याळ नीट चालत असेल आणि आपणच ते महिनाभर चुकीचं लावलं असेल, तर फरक आहे तेवढाच राहतो. वहिनीचा फरक जागचा हलत नव्हता. मी बाकीच्या चाळीस जणींची वाचनं लावली. तीस, एकोणतीस, तीस, अठ्ठावीस, एकोणतीस. सगळ्यांची सरासरी साडेएकोणतीस दिवस. चंद्राचा एक महिना! दूर दूरच्या पालांवर, रस्त्याच्या कामांवर, ओढ्याकाठी उतरलेल्या एकेचाळीस जणींच्या वारा एकमेकींना न भेटता तोच आकडा सांगत होत्या. काय सुंदर यंत्र होतं ते, आणि काय गाढव मी!

“लिही,” सर म्हणाले.

मी लिहिलं. चूक तिथीच्या कोष्टकात आहे. कोष्टक मी केलं. अधिक महिना मी सोडला. वैजयंता बंडगर. सरांनी खाली सही केली आणि एकेचाळीस दवाखान्यांचे फोन नंबर वाटायला बाहेर धावले. ते दोन पाहुणेसुद्धा फोनला बसले.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर मुल्लांचा फोन आला.

“हे बघा मॅडम, पेशंट टेबलावर घ्यायची वेळ झालीय. तुमचंच यंत्र लाल दाखवतंय आणि तुम्हीच थांबा म्हणता. उद्या बाळाला काही झालं तर उत्तर कुणी द्यायचं?”

“मी. लेखी पाठवलंय. पण त्याआधी चार आकडे बघा. फक्त चार.”

त्यांनी पाहिले. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

“वाढत नाही पिछाडी,” त्या सावकाश म्हणाल्या.

“नाही ना!”

“थांबा. सकाळी मी नाळेतला रक्तप्रवाह बघितला होता. चांगला होता. मला तेच कोडं पडलं होतं, की वार थकलीय तर प्रवाह इतका चांगला कसा. बाळाभोवतीचं पाणीही भरपूर आहे. पण लाल म्हटल्यावर...” मग त्यांचा आवाज एकदम चढला, पण माझ्यावर नाही. “सिस्टर! बंडगरबाईंना परत खाटेवर न्या. आणि काहीतरी खायला द्या त्यांना, सकाळपासून उपाशी ठेवलंय.”

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. कचेरीत सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. कुणीतरी माझ्यापुढे पेढा धरला आणि मी त्याला हाकलून दिलं.

दुपारभर पडद्यावर नावांचे रंग बदलत होते. सिरोंचा, हिरवं. शहादा, हिरवं. जतजवळचा एक दवाखाना फोनच उचलेना, तर सरांनी तिथल्या पोलिसपाटलाला पिटाळलं. प्रत्येक हिरव्या नावाला कचेरीत आरडाओरडा होत होता, मॅच चालल्यासारखा. साडेचारला चाळीस नावं हिरवी झाली.

एक्केचाळिसाव्या नावापुढे रंगच नव्हता. शेवंता पवार, रस्त्याच्या कामावरची मजूर. प्रसूती झाली, शस्त्रक्रियेनं, काल दुपारी. मुलगी. एक किलो नऊशे.

त्या संध्याकाळी मी वहिनीला फोन केला. ती भाकरी खात होती. “वन्सं, डाक्तरीण लई भली हाय, मला आंबा दिला तिनं,” असं सांगत होती. मी म्हटलं, मी उद्याच येते तुमच्याकडे. सगळं सांगितलं तिला. शेवंताचंही सांगितलं.

“माझ्याकडं कशाला येताय?” वहिनी म्हणाली. “मला सासू हाय, नवरा हाय. तिकडं जावा. तिचं लेकरू भाईर काढलंय वन्सं, माझं आत हाय.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी त्या दवाखान्यात पोचले. शेवंता माझ्यापेक्षा लहान होती, पंचविशीचीही नसेल. पोटाचे टाके सांभाळत ती काचेच्या पेटीशी बसली होती. आत तिची मुलगी होती, ओंजळीएवढी, नाकात नळी घातलेली. श्वास घेताना तिच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या. नवरा कामावर गेला होता. बरोबर कुणी नव्हतं.

मी सगळं सांगितलं. काय झालं, कुणामुळे झालं, बाळ आजारी नव्हतं, त्याला बाहेर काढायची गरजच नव्हती. वाक्यं वाटेत पाठ केली होती, ती सगळी उलटसुलट झाली. ती ऐकत राहिली, नजर पेटीवरून न काढता.

“जगंल का?” तिनं विचारलं.

“जगेल. डॉक्टर म्हणतात जगेल. पण महिनाभर जपावं लागेल. उघड्या अंगाशी धरून ठेवायचं, दिवसातले जास्तीत जास्त तास.”

“मला बसवत न्हाई इतकं. टाकं वढत्यात.”

माझ्या पिशवीत माफीचं पत्र होतं, सरांच्या सहीचं. ते बाहेर काढायची मला लाज वाटली.

तेवढ्यात परिचारिका आली आणि माझ्याकडे पाहून कडाडली, “आत फक्त घरची माणसं! तुम्ही कोण हिच्या?”

मी उठले. शेवंतानं माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि मला खाली बसवलं.

“ऱ्हाऊ द्या सिस्टर,” ती म्हणाली. “माज्या पोरीचा एक म्हैना ह्या बाईनं घालिवलाय. त्यो भरून घेतल्याबिगर म्या तिला सोडायची न्हाई.”

परिचारिकेनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साबण दाखवला. मी कोपरापर्यंत हात धुतले, कुडत्याची बटणं काढली, आणि परिचारिकेनं ती मुलगी उचलून माझ्या छातीवर ठेवली.